डावी पाकळी

प्रभावती दारातच थांबली. आत सतरंज्या अंथरलेल्या होत्या, पंगत बसायच्या बेतात होती आणि निहारने आपल्या शेजारी एक रिकामं ताट मांडलं होतं.

म्हणजे सुशीलाबाई काल सांगून गेल्या ते खरं होतं. दर रविवारी उपासना झाली की इथे सगळे एका पंगतीला जेवतात, आणि घराने टाकलेली पोरं आपल्या घरच्यांसाठी ताटं मांडतात. माणूस येवो न येवो, ताट मांडायचं. कोणाशेजारी एक होतं, कोणाशेजारी दोन. निहारने एकच मांडलं होतं. बापाने कपड्यांची पिशवी अंगणात फेकली, त्याचं ताट तो कशाला मांडेल? हे ताट आईचं. वर्षभर पोराने ते मांडलं असेल आणि रिकामंच उचललं असेल, या विचाराने तिला भडभडून आलं.

सुशीलाबाई या चोपडे गावातल्या लुथरन ख्रिस्ती सभेच्या पास्टर. नदीकाठच्या बंद पडलेल्या भातगिरणीत त्यांची लहानशी मंडळी भरायची. बाटवायला आल्यात म्हणून गावाने आधी नाक मुरडलं. पण तिथे राहणाऱ्या एकाचंही नाव बदललं नाही की कोणाच्या कपाळाचं कुंकू पुसलं नाही, तेव्हा बोलणारी तोंडं आपोआप मिटली. दारू सोडू बघणारा पोरगा, लग्नाच्या मांडवातून पळालेली पोरगी, सगळ्यांना मागच्या खोल्यांत जागा होती. तू असा कसा, असं कोणी विचारत नव्हतं. निहारला तेवढंच हवं होतं. आपला जीव एका मुलावर आहे, मुलीशी लग्न करून तिचं वाटोळं करणार नाही, असं त्याने नार्वे गावातल्या आपल्या घरात सरळ सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तो रस्त्यावर आला.

राग ओसरल्यावर तिचा नवरा शंभू देवळात कौल घ्यायला गेला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पोराला भेटावं की नाही, एवढंच विचारायचं होतं. प्रभावती बरोबर गेली नाही. ती घरातच देव्हाऱ्यापुढे बसून राहिली. शंभू परत आला तो मान खाली घालून.

"डावी पडली गो," तो म्हणाला. "देवाक नको आसा. तेच्याकडे आता जावचा नाय."

नवऱ्याशी भांडता येतं, देवाशी कसं भांडणार? तिने तोंडाला कुलूप लावलं. जीव अडकायला नको म्हणून शंभूने घरातल्या फोनचा नंबरही बदलला. स्वतः तो भजनात रमला. दर रविवारी सकाळी डिचोलीला तालमीला जायचा आणि भजनी मंडळींसाठी डबा मागायचा. प्रभावती सगळ्या भाज्या घालून खतखतं करायची. निहारला ते फार आवडायचं. ढवळता ढवळता ती डोळे पुसायची आणि निळ्या झाकणाचा डबा भरून द्यायची. नवरा तरी सावरला, यात तिने सुख मानलं.

आणि काल शंभू शेतात गेलेला असताना सुशीलाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "निहारला जहाजावर काम लागलंय. परवा निघेल. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. आता तरी राग सोडा ताई, उद्या जेवायला या."

राग? कसला राग? प्रभावतीला काही उमगेना. पण ती विचारेपर्यंत बाईंची बस आली होती.

आज शंभू डबा घेऊन तालमीला गेला आणि तिने पुढची बस धरली. म्हापशाला बस बदलली. वाटभर ती देवाची करुणा भाकत होती. तुझा शब्द मोडते आहे, शिक्षा मला दे, पोराला नको. नवऱ्यापासून चोरून निघाल्याचंही मनाला लागत होतं. आजवर तिने त्याला कधी फसवलं नव्हतं.

"निहार," तिने हाक मारली.

पोराने मान वर केली. तो धावत येईल असं तिला वाटलं होतं. तो जागचा हलला नाही. चेहरा तेवढा पांढरा पडला. तीच पुढे झाली आणि रिकाम्या ताटापाशी टेकली.

"ह्यां माझां ताट मां रे?"

निहारने ताटावर हात आडवा धरला. "तुझां न्हय."

तेवढ्यात आतल्या स्वयंपाकघरातून शंभू आला. त्याच्या हातात निळ्या झाकणाचा डबा होता. रोजच्या घरात वावरावं तसा तो पंगतीतून वाट काढत थेट त्या ताटाकडे निघाला होता. बायकोला बघितलं आणि तो तिथेच थिजला. प्रभावती आधी डब्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे.

"तुमी हंय?" तिने विचारलं. "देवान तर नाय म्हटलेला ना?"

शंभूने मान खाली घातली. देवळातून आला होता तेव्हा घातली होती, तश्शीच.

बोलला तो निहार. "देवान खंय नाय म्हटल्यान? उजवी पाकळी पडली, म्हणान तर बाबा दर आयतवारा येतत. उजवी पडली तरी येवक नाय, ती तू."