नानांची साखर

"दोनशे ब्याण्णव?" अभिमन्यूचा रिपोर्टवर विश्वासच बसेना. "नानांना शुगर कवा होती?"

"आत्ताचीच आहे," एवढं बोलून नर्स आयसीयूत शिरली.

बीडच्या त्या दवाखान्यात पार जिन्यापर्यंत नांदूरघाटची माणसं बसली होती. सकाळी सुंदरनाना घामानं डबडबून ओट्यावरच कोसळले होते. हार्ट अटॅक, लगेच ॲंजिओप्लास्टी. जीव वाचला होता, पण धोका टळला असं कुणी म्हणत नव्हतं.

अभिमन्यू गावच्या सोसायटीचा चेअरमन. माईकशिवाय सभा गाजवणारा. तो तडक बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"काय काय खाऊ घालत होतीस गं नानांना? साखर बघ किती झालीय! माझ्या बापाला गोडधोड चारून मारायला निघाली का तू?"

योगिता भिंतीला टेकून बसली होती. दवाखान्यात येताना जीपमध्ये नानांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. त्यांना झालेल्या उलटीचे डाग अजून तिच्या पदरावर होते.

"गोड काय न्हाई दिलं," ती म्हणाली. "मामांना गोड आवडतच न्हाई."

"मग साखर काय आभाळातून पडली?"

छबुआत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कुणीतरी पुटपुटलं, "सुनंच्या हाती घर गेलं की असंच." योगितानं डाग झाकले जातील असा पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी अभिमन्यूला केबिनमध्ये बोलावलं.

"मघाशी बाहेर तुम्हीच बोलत होतात ना?"

अभिमन्यूनं मान हलवली.

"वडिलांना डायबेटिस नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढली, अगदी नॉर्मल आहे. अटॅक आला की सगळं शरीर हादरतं. ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल, असे हार्मोन उसळतात. जीव वाचवायचा म्हणून लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं, चरबीसुद्धा विरघळून रक्तात उतरते. त्या गडबडीत इन्शुलिनचं काही चालत नाही. ही साखर खाण्यातली नाही, अटॅकनं वाढवलेली आहे. आता उतरतेय. वडील वाचतील."

"म्हंजी... घरातल्या कुणाचा दोष..."

"कुणाचाच नाही."

अभिमन्यूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नानांना गोड आवडत नाही, हे पोटचा पोरगा असून त्याला माहीत नव्हतं.

तो बाहेर आला. सगळे उठून उभे राहिले.

"काय म्हणले रे डॉक्टर?" आत्यांनी विचारलं.

"नाना वाचत्याल. साखर बी उतरतीय."

कुणी हात जोडले, कुणी गावाकडं फोन लावला. आत्या डोळे पुसत खाली बसल्या आणि योगिताकडं न बघताच म्हणाल्या, "देव पावला. आता तरी हात आवरून वाढ गं बाई."

अभिमन्यूनं ते ऐकलं. मग तो योगिताजवळ जाऊन उकिडवा बसला आणि मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत पुटपुटला, "तुझ्यामुळं न्हाई वाढली साखर. अटॅकनंच वाढती म्हणले डॉक्टर."

योगितानं मान वर केली. आत्यांकडं पाहिलं, जिन्यापर्यंत बसलेल्या माणसांकडं पाहिलं.

"मग हे मलाच कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला ठावं होतं."