न झाडलेली जागा

“पृथ्वीचा इंच न् इंच माणसाने मोजून टाकलाय. अज्ञात असं आता काहीही उरलेलं नाही,” मोजणीदारांनी जाहीर केलं. त्या वेळी ते स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत पालथे पडून धुळीचा एक पट्टा टेपने मोजत होते. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेल्या माणसावर ही वेळ लेकीने भेट दिलेल्या झाडू मारणाऱ्या रोबोने आणली होती.

सोमवारी रोबोने कुणालाही न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं. तेव्हापासून तो सगळी खोली लख्ख झाडी, पण मधोमध एका जागेला वळसा घालून जाई. तिथे काहीच नव्हतं. समोरचा रस्ता खोदलेला, त्यामुळे धुळीला तोटा नाही. तीन दिवसांत त्या जागेला आकार आला. डोकं. पाठ. दुमडलेले गुडघे. दाराकडे लांबवलेला एक हात. लांबी पाच फूट एक इंच.

“अहो, पुसून टाकू का? अंगावर येतं ते,” बायको म्हणाली. कालपासून ती भिंतीच्या कडेकडेने ये-जा करत होती.

“हात लावू नकोस. यंत्राची चूक आहे. कंपनीला दोनदा मोजमापांसह कळवलंय.”

माप जुळलं नाही की चूक यंत्राची, जमिनीची कधीच नाही, हा त्यांचा नोकरीभरचा खाक्या. त्यांनी आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी लिहिला, आणि पेन्सिल तिथेच थांबली. धुळीतला हात दाराकडे चार इंच सरकला होता.

त्यांनी फोन स्पीकरवर लावला. कंपनीच्या मदत केंद्रातली मुलगी फार गोड बोलली. अपडेटमध्ये चुकून दोन घरांचा नकाशा एकच झालाय, म्हणाली. दुसऱ्या घरातल्या रोबोला जिथे अडथळा लागतो, तिथे इथलाही वळसा घेतो. आठवडाभरात होईल दुरुस्त.

“मग तिथे तीन दिवस कोणीतरी जमिनीवर पडलंय, बाळ. ते घर कुठे आहे?”

“ते नाही सांगता येणार, काका. ग्राहकांची माहिती आम्ही अगदी गुप्त ठेवतो.”

“दिसतंय ना. माझ्या फरशीवर पसरलीय ती.”

मग मुलगी हळूच म्हणाली, “रोबोच्या पाठीवरचं गोल बटण दाबून बोला. आवाजही तिकडेच जात असणार. मी काही सांगितलेलं नाही.”

“म्हणजे आपलंही सगळं तिकडे ऐकू जात होतं?” बायकोने कुजबुजत विचारलं.

मोजणीदारांनी धुळीशेजारी गुडघे टेकले आणि बटण दाबलं. रोबोतून पंख्याची घरघर आली. त्यांचा पंखा बंद होता.

“कोणी आहे का तिकडे?”

घरघरीतून एका म्हातारीचा कोरडा आवाज आला. “आहे. पडलेय. कंबर हलत नाही.”

“पत्ता सांगा, बाई. आत्ता माणसं पाठवतो.”

तिने पत्ता सांगितला, पिनकोडसकट. मोजणीदारांनी तो आजच्या आकड्याखाली उतरवून घेतला.

“आणि तेवढं एक बघा,” आवाज म्हणाला. “येणाऱ्यांना चपला बाहेर काढायला सांगा. घर आत्ताच झाडलंय.”