अपडेट करू की नको?

अजितचा लॅपटॉप सकाळपासून सुरू होताच ‘फॅन एरर’ दाखवी आणि पाच मिनिटांत तापून बंद पडे. उद्याच्या डेमोचं सगळं काम त्यातच अडकलं होतं. ऑफिसने फर्मवेअर अपडेटची फ्लॉपी पाठवली होती खरी, पण अपडेट होता होता लॅपटॉप बंद पडला, तर तो कायमचाच गेला.

“करू की नको? विचार तुझ्या देवांना!” तो बायकोवर खेकसला.

आधीच चतुर्थीचा उपास, त्यात हे! श्यामलाचं डोकं उठलं. तिने शेजारच्या मालोजीअण्णांना बोलावलं. ते रेडिओ दुरुस्त करत.

“स्वल्प थांबा, अक्का,” म्हणत अण्णांनी लॅपटॉप खोलला आणि फॅनच्या पात्यांत रुतलेले कुंकवाने माखलेले तांदळाचे दोन दाणे चिमट्याने काढले. पातं लगेच फिरलं.

अण्णा हसले. “खंडेनवमीला यंत्रावर अक्षता बेतानं टाकाव्यात, अक्का.”

“पण मी तर नुसतं फूल वाहिलं होतं!”



अजित फ्लॉपीकडे बघत पुटपुटला, “प्रमोशनचं अडलं होतं गं... म्हटलं, तुझ्या नकळत चार अक्षता आपणही टाकाव्यात.”