अंथरायची की पांघरायची?

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात गौस फोन कानाला लावून मागांमधून येरझाऱ्या घालत होता. चादरींचा कंटेनर बंदराच्या फाटकाबाहेर अडकला होता आणि चार वाजता फाटक बंद होणार होतं. “गौसभाई, नव्या नियमानं फॉर्मात खुलासा लागतो,” बंदरावरचा एजंट सांगत होता. “चादर अंथरायची की पांघरायची? एकच निवडा.” “अवो, सोलापुरी चादर हाय! थंडीत पांघरतो, उन्हाळ्यात अंथरतो!” “तसा रकाना नाही. दोन मिनिटं उरलीत.” चुकीचं लिहिलं तर माल परदेशातून परत येणार. त्यानं स्पीकर लावून फोन कोपऱ्यात बसलेल्या अब्बांसमोर धरला. मिलमध्ये चादरी विणण्यात त्यांचा जन्म गेला होता. “अब्बा, तुमीच सांगा की! लवकर!” अब्बांनी आधी बुडाखालची चादर पाहिली, मग खांद्यावरची. तेवढ्यात फोनमधून फाटक बंद होण्याचा भोंगा वाजला. “चला,” ते उठत म्हणाले, “मिल सुटली.”