अर्धी राहिलेली ओळ

झेंडूच्या ज्या ओळीत फुलं तोडताना बहिरूला अटॅक आला, ती ओळ त्याच्या बायकोनं, नवसाबाईनं, तशीच अर्धी सोडली होती. बाकीच्या मळ्यातली फुलं रोज नाशिकच्या बाजारात जात होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर बहिरूनं एकही गोळी चुकवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं तो रोज सकाळी थोडं थोडं चालणं वाढवत होता. आधी गोठ्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत. आठव्या दिवशी तो मळ्याच्या बांधावर पोचला. त्याच्या ओळीतली आणखी चार झाडं रिकामी झाली होती. ताजी फुलं त्याच्याच पाटीत होती, देठ लांब ठेवून खुडलेली. तसं घरात तोच एकटा खुडायचा.

"माझ्या ओळीत कोनी हात घातला?"

"कोनी नाय," नवसाबाई म्हणाली. "तुमी पडल्यापून तिकडं कोनी फिरकत बी नाय."

मग रोज चार-चार झाडं रिकामी होत गेली.

"ओळ माझी हाय. मीच पुरी करनार," बहिरू म्हणाला.

शेवटचं झाड उरलं त्या सकाळी गोळ्या घेऊन तो ओळीच्या टोकाशी जाऊन बसला. पाटी तिथं आधीच येऊन थांबली होती. झाडाला पाच फुलं होती. दोन त्यानं खुडली. दोन पलीकडच्या बाजूनं, तिथं कोणीच दिसत नसताना, तुटून पाटीत पडली.

पाचव्या फुलाचा देठ त्यानं घट्ट धरला. फूल पलीकडं ओढलं जाऊ लागलं. बहिरूनं सोडलं नाही. त्याचा श्वास संथ चालला होता.

पलीकडून मात्र धाप लागल्याचा आवाज येऊ लागला, अटॅक आला त्या दिवशी त्याला लागली होती तशीच.