फलटणला न दिसलेला भाऊ

१९९९ साली सांगलीत दीपालीने गोमटेश आणि मदन या हळद व्यापारी भावांच्या पेढीची वेबसाइट केली. एकाच पेढीवर बसूनही दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. म्हणून तिने त्यांचे वेगवेगळे फोटो स्क्रीनच्या दोन टोकांना लावले. आठवड्याने धाकटा मदन तणतणत आला.

"फलटणला मी न्हाईच! साडूच्या कॉम्प्युटरवर नुसता दादा दिसतोय. मला धंद्यातनं काढलं व्हय?"

"काका, त्यांचा स्क्रीन लहान आहे. तुम्ही उजवीकडे बाहेर राहिलात."

"मग मला आत घे, दादाला ठेव भायेर."

तिने गोमटेशलाही बोलावून घेतलं. एकाखाली एक फोटो लावू म्हटलं, तर खालच्या जागेला दोघंही तयार होईनात. दीपाली वैतागली. "मग एकाच फोटोत खांद्याला खांदा लावून उभे राहा. तरच मावाल."

फोटोग्राफर चारदा "अजून जवळ" म्हणाला, तेव्हा कुठे खांदे टेकले. नव्या फोटोत फलटणलाही दोघं दिसले आणि दीपालीने सुटकेचा निःश्वास टाकला.

चार दिवसांनी पुण्याहून गोमटेशचा फोन आला. "दीपाली, हितला स्क्रीन लय मोठा हाय. आमच्या शेजारी निम्मी जागा मोकळी ऱ्हातीया."

"मग काय करू, काका?"

गोमटेशने आवाज खाली आणला.

"आमची बहीण हाय, चंदनबाला. पळून जाऊन लगीन केलं म्हणून आमी तिला तोडली. ती मावती का बघ की तितं."