चिलटांची तिन्हीसांज

सरोजिनीबाईंनी निरांजन डाव्या हातात घेतलं, सामानाच्या खोलीचा काळा पडदा सारायला उजवा हात उचलला, आणि शिशिर ओरडला.

"आई! ये क्या कर रही हो?"

घाबरला की त्याच्या तोंडून हिंदीच निघायची.

"ओरडून काहून राहिला? दिवा दाखवून राहिली."

"तिथे? आत?"

"मग? घरातल्या सगळ्या खोल्यांना दाखवते. हिनंच काय पाप केलं?"

"रोज?"

"हव. रोज."

शिशिर लॅपटॉप सोडून उठला. बसला. परत उठला.

त्या खोलीत काडीएवढ्या काचनळ्यांमध्ये चिलटं होती. केळ्यावर घोंघावतात तीच. त्यांच्या कैक पिढ्यांनी उजेड पाहिला नव्हता. शिशिरनंच पाहू दिला नव्हता. कॉलेजात त्यानं ती खिडक्या झाकून वाढवली. छताची दुरुस्ती निघाली तेव्हा काळ्या कापडात गुंडाळून तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी आणली. प्रश्न एवढाच होता : पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेल्या जीवाला दिवस-रात्र आठवते का? चिलट हललं की नळीतला न दिसणारा किरण तुटायचा आणि बाहेर लॅपटॉपवर त्याची नोंद पडायची. कॉलेजात ठिपक्यांची रेघ अशी यायची :

सपाट. सपाट. सपाट.

घरी आणल्यावर :

सपाट. सपाट. टेकडी.

रोज टेकडी. रोज तिन्हीसांजेला. त्याच्या गाईड, क्षमा मॅडम, फोनवर आनंदानं किंचाळल्याच होत्या. कॉलेजात जनरेटरच्या धडधडीनं चिलटांचं आतलं घड्याळ दबून गेलं असणार, घरच्या शांततेत ते उघडं पडलं, असं त्यांनी मांडलं. शिशिरनं मान डोलावली. त्याला तेच हवं होतं. शोधाचा पेपर लिहून झाला. आज तो मॅडमकडून जर्नलला जायचा होता. छापून आला तर शिशिरची फेलोशिप वाढणार. नाही तर अभनपूरच्या कोचिंग क्लासची खुर्ची त्याची वाट पाहत होतीच.

तिन्हीसांजेला तो कधी घरी नसायचा. आज होता. पेपरसाठी.

"मी सांगितलं होतं ना, आई."

"तू म्हणाला, लाइटच्या बटणाले हात लावू नको. वर पट्टी चिकटवली. पाहा, आहे का नाही पट्टी? मी काढली का?"

"पण दिवा..."

"दिव्याचं काय? हात जोडेपर्यंत दाखवते अन् पडदा सोडते. आत जीव आहे म्हटल्यावर अंधारात कसं ठेवू? लोकं कुत्रे पाळतात, यानं चिलटं पाळली, अन् वरून मलेच बोलून राहिला!"

"आज नको. प्लीज."

आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, निरांजन तसंच मागं नेऊन देवापाशी ठेवलं. खुर्चीवर येऊन बसली. पदर नीट केला. परत नीट केला.

"काही बिघडलं का रे?"

फोन थरथरला. मॅडम. *भेज दूँ?*

शिशिर लिहायला लागला.

*मॅडम, एक मिनट*

पुसलं.

*मॅडम, लगता है कमरे में थोड़ी सी*

थोडीशी काय? पुसलं.

कोणाला कळणार आहे? पडदा जाड. आई कोणाला सांगायला जाते? आणि दिव्याशी जुळलं म्हणजे घड्याळ होतंच की आत, इतक्या पिढ्या अंधारात काढूनही मेलेलं नव्हतं. मग पेपरात लिहिलंय ते अगदीच खोटं कुठे

इथं त्याचा विचार अडला. पेपरात लिहिलं होतं : संपूर्ण अंधार.

*भेज दूँ?* मॅडमनी पुन्हा विचारलं. खाली हसरा चेहरा.

गल्लीत कोणीतरी स्कूटर बंद केली. खिडकीबाहेरचा उजेड राखाडी होत होता. लॅपटॉपवर एकेक ठिपका येत होता.

सपाट.

सपाट.

तो उठला, पडद्यापर्यंत गेला, पडद्याच्या कडा दारावर घट्ट दाबल्या, परत आला. आज आत काही गेलेलं नाही. काही म्हणजे काही नाही.

सपाट.

मग एक ठिपका वर.

त्याच्या वर एक.

शिशिर स्क्रीनवर वाकला. दिवा देवापाशी होता, आतल्या खोलीत, दोन भिंतींच्या पलीकडे. आणि इकडे त्या काळ्याकुट्ट काचनळ्यांमध्ये चिलटं जागी होत होती. हलत होती. या टोकाकडून त्या टोकाकडे.

त्यानं फोन उचलला आणि न थांबता लिहिलं :

*मत भेजिए. हमारे घर में शाम को दिया दिखाते हैं.*

पाठवलं.

लगेच रिंग वाजली. फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत राहिला. शिशिरनं तो घेतला नाही, अडवलाही नाही. ठिपके चढत होते.

मागं बांगड्या किणकिणल्या.

आई खुर्चीवर नव्हती. ती काळ्या पडद्यासमोर उभी होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची पाठ होती. हात रिकामे, तरी पुढं केलेले. एक तळवा निरांजन पेलल्यासारखा, दुसरा ज्योतीला आडोसा धरल्यासारखा वाकलेला.

"उठली का रे ती?" पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं.